हवेचा हिशेब

रविवारची रात्र. खालापूरचा फूड मॉल. दादरला कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न आटोपून आम्ही दोघं पुण्याला परतत होतो. मी वडापाव संपवत होते आणि माझा मित्र ड्रायव्हर सीटवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून काहीतरी करत होता.

'झालं!' तो म्हणाला. 'लाइट गेला.'

'कुठला लाइट?'

'अगं, तो पिवळा. चेक इंजिन. फालतू असतो. आठवड्यातून एकदा येतो, मी ॲपवरून पुसून टाकतो. विषय संपला.'

विषय संपला नव्हता. तो वीसेक मिनिटांनी खंडाळ्याच्या घाटात सुरू होणार होता.

तर मंडळी, या मित्राचं नाव नको. त्याला आपण 'टर्बो' म्हणू. (त्याच्या गाडीत नसलेली नेमकी तीच गोष्ट, म्हणून!) टर्बो हिंजवडीत कोड लिहितो, वाकडला तिघांत फ्लॅट शेअर करतो आणि आठ वर्षं जुनी लाल हॅचबॅक चालवतो. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन. गाडी बाबांची. रिटायर झाल्यावर त्यांनी ती लेकाला दिली. किल्लीबरोबर आणखी एक वस्तू दिली, कापडी बांधणीची एक डायरी. गाडी घेतल्या दिवसापासून भरलेला पेट्रोलचा प्रत्येक लिटर, प्रत्येक किलोमीटर, प्रत्येक ऑइल चेंज त्यात निळ्या शाईने नोंदवलेला. 'एवढं लिहीत जा बाबा,' एवढीच अट. आणि टर्बो लिहायचा. कारण दर रविवारी साताऱ्याहून फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, 'गाडी काय ॲव्हरेज देते?'

आता ऑफिसच्या पार्किंगमध्ये रोज नव्या टर्बो-पेट्रोल एसयूव्ही उभ्या राहणार, त्यांच्यामधून तुम्ही बाबांची हॅचबॅक काढणार... होतं काय की माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. यंदाच्या बोनसमधले साडेचौदा हजार टर्बोने एका 'परफॉर्मन्स किट'वर घातले. त्यात एक चमकदार कोन फिल्टर, एक जाडजूड ॲल्युमिनिअमचा इनटेक पाइप आणि वायरीला जोडायचा एक इवलासा डबा. लावून देणारा पोरगा म्हणाला, 'पंधरा टक्के पॉवर वाढणार, गॅरंटी!'

आणि खरं सांगू? पहिले दोन आठवडे वाढल्यासारखी वाटलीही.

एक लिटर पेट्रोल, नऊ हजार लिटर हवा

पुढची गोष्ट कळायची तर एक फंडा क्लिअर पाहिजे. आपल्याला वाटतं, गाडी पेट्रोलवर चालते. ती चालते हवेवर! एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा. आपण पंपावर पेट्रोलचे पैसे मोजतो, हवा फुकट म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. इंजिन मात्र हवाच मोजतं. हवा किती आली ते आधी बघायचं आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडायचं, हा त्याचा सगळा कारभार.

आधी कार्ब्युरेटर होता तेव्हा हा हिशेब अंदाजे असायचा. मुंबईला ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला पोहोचली की कुरकुरायची, कारण साडेतेराशे मीटर उंचीवर हवा मुंबईपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ. पेट्रोल तेवढंच, हवा कमी. मग गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' असा बिल्ला मिरवायचे दिवस आले आणि बॉनेटखाली एक छोटा कॉम्प्युटर येऊन बसला. ईसीयू. तो स्वतः काहीच बघत नाही. डोळे, नाक, कान म्हणजे सगळे सेन्सर. ते सांगतील ते त्याच्यासाठी सत्य.

हवा मोजायच्या दोन मुख्य पद्धती. एक, मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान बघून गणित करायचं. हे मॅप सेन्सरचं काम. दुसरी, आत येणारी हवा थेट मोजायची. हे मास एअर फ्लो सेन्सरचं काम, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत 'मॅफ'. टर्बोच्या गाडीत मॅफ होता.

गंमत म्हणजे, या सेन्सरशी खेळायची हौस आजची नाही. 1970 च्या दशकात बॉशने एल-जेट्रॉनिक नावाची सिस्टीम आणली. 'एल' म्हणजे जर्मन भाषेतला 'लुफ्ट', हवा. त्यात येणाऱ्या हवेच्या धक्क्याने एक झडप उघडायची आणि ती किती उघडली त्यावर पेट्रोल ठरायचं. झडपेला स्प्रिंग होती. झालं! स्प्रिंग दोन दाते सैल करा, झडप जास्त उघडेल, कॉम्प्युटरला वाटेल हवा जास्त आली, तो पेट्रोल जास्त सोडेल. तिकडच्या हौशी पोरांची एक अख्खी पिढी त्या दात्यांवर स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाढली. पुढे झडप गेली, गरम तार आली. हौस तीच राहिली.

घाटात

परत आपल्या रविवारी येऊ. घाट सुरू झाला. पुढे एक ट्रक, शेजारच्या लेनमध्ये दुसरा ट्रक, दोघांची गोगलगायींची शर्यत. गॅप मिळाली तशी टर्बोने गाडी थर्डमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवला. कोन फिल्टरचा तो घोंऽऽ आवाज आला. टर्बोच्या चेहऱ्यावर बोनसचं समाधान.

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. स्टीलच्या डब्यात मूठभर तांदूळ घालून हलवल्यासारखा. खडखड नाही, बारीक करकर.

'हे काय वाजतंय रे?'

'काही नाही गं, रस्त्याचा आवाज.'

त्याने पाय काढला नाही. मीही पुढे काही बोलले नाही, ते आजही मला खुपतं. अर्ध्या मिनिटाने गाडी जोरात हिसकली, मग थरथरायला लागली, आणि तो पिवळा लाइट परत आला. या वेळी लुकलुकत. तीन सिलिंडरवर कण्हत कण्हत आम्ही घाट चढलो आणि लोणावळ्याच्या एक्झिटला गाडी बाजूला घेतली. टोइंगवाला यायला दीड तास लागला. त्या दीड तासात टर्बो दोनच वाक्यं बोलला. एक, 'उद्याच्या मीटिंगचं काय?' आणि दुसरं, बऱ्याच वेळाने, 'बाबांना काय सांगू?'

चहाची बशी आणि गरम तार

किट लावून देणाऱ्याने सोमवारी फोन उचलला नाही. मंगळवारीही नाही. शेवटी माझ्या मामाच्या ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर, आणि गॅरेजमध्ये पान्यांच्या शेजारी लॅपटॉप. काकांनी आधी बॉनेट उघडलं, कोन फिल्टरकडे बघून एक उसासा सोडला आणि विचारलं, 'दादा, सर्व्हिसचं काही रेकॉर्ड आहे का?'

टर्बोने डायरी पुढे केली.

काकांनी चष्मा खाली ओढून ती वाचायला घेतली, पेपर वाचावा तशी. पान उलटत उलटत म्हणाले, 'आठ वर्षं सोळा-सतराचं ॲव्हरेज. जुलैपासून चौदा. जुलैमध्ये काय केलंत?'

'ते... किट लावलं.'

'हं. म्हणजे पाय पण जड झाला आणि हवा पण गरम झाली.'

मग त्यांनी समजावलं. इतकं सोपं की मला वाटलं, हे शाळेत का नाही शिकवत! 'ताई, गरम चहा बशीत ओतून फुंकर मारता ना? जेवढी जोरात फुंकर, तेवढा चहा लवकर गार. मॅफमध्ये तसंच. एक बारीक तार असते, ती विजेवर गरम ठेवायची. हवा आली की ती गार व्हायला बघते. मग तिला तेवढीच गरम ठेवायला जास्त करंट द्यावा लागतो. किती करंट लागला, त्यावरून कॉम्प्युटर ओळखतो हवा किती आली. एकदम हुशार काम आहे. पण त्या तारेला सगळी हवा दिसत नाही. तिच्या अंगावरून जाते तेवढीच दिसते. बाकीचा अंदाज कंपनीने पाइपच्या मापावरून बांधून दिलेला असतो.'

म्हणजे? म्हणजे मूळ पाइप आतून 60 मिलिमीटरचा. टर्बोचा नवा चमकदार पाइप 66 मिलिमीटरचा. काकांनी व्हर्निअर लावून दाखवलं. फक्त सहा मिलिमीटर! पण पाइपचं क्षेत्रफळ वाढतं वर्गाने. 66 चा वर्ग भागिले 60 चा वर्ग, म्हणजे 1.21. एकवीस टक्के जास्त जागा. तेवढीच हवा रुंद पाइपातून हळू वाहते, तारेवर फुंकर मंद पडते, आणि सेन्सर सांगतो, 'हवा कमी आहे.' किती कमी? सुमारे सतरा टक्के. हवा तेवढीच येतेय, कॉम्प्युटरला मात्र सतरा टक्के कमी कळतेय. मग तो पेट्रोलही सतरा टक्के कमी सोडणार.

'पण मग सुरुवातीला गाडी पळत कशी होती?' टर्बोचा रास्त प्रश्न.

इथे काका हसले. कंपनीची गाडी फुल ॲक्सिलरेटरला मुद्दाम जास्त पेट्रोल पिते. 14.7 ऐवजी साडेबाराला एक, अशा प्रमाणात. हे जादा पेट्रोल उधळपट्टी नसते, ते सिलिंडर थंड ठेवतं. त्यात थोडी काटछाट झाली की क्षणभर इंजिन मोकळं झाल्यासारखं वाटतं. शिवाय लोड कमी आहे असं समजून कॉम्प्युटर स्पार्कही थोडा आधी देतो. वर तो फिल्टरचा आवाज. कानाला वाटतं स्पीड वाढला! खोटं बोलण्याचा असा सुरुवातीला फायदा होतोच. बिल नंतर येतं.

सहा मिलिमीटरची गोष्ट

आता खरी मेख ऐका. ईसीयू बावळट नसतो. सायलेन्सरच्या बाजूला ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धूर हुंगून सांगतो की पेट्रोल कमी पडतंय. मग ईसीयू हळूहळू स्वतःची चूक दुरुस्त करतो. पाच टक्के वाढव, दहा टक्के वाढव... आणि हा धडा मेमरीत लिहून ठेवतो. त्याला म्हणतात फ्युएल ट्रिम. टर्बोच्या गाडीने वीस टक्क्यांच्या वर दुरुस्ती केली. त्यापलीकडे मर्यादा. मग तिने हात टेकले आणि पिवळा लाइट लावला. कोड पी-0171. मराठीत सांगायचं तर, 'मालक, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, काहीतरी बघा.'

मालकाने काय केलं? ॲप उघडलं आणि कोड पुसला.

'कोड पुसला की धडाही पुसला जातो, दादा,' काका म्हणाले. 'सगळी दुरुस्ती शून्यावर.'

मी टर्बोकडे बघितलं. त्याला कळलं होतं. खालापूरला वडापाव खाताना त्याने लाइट घालवला, म्हणजे गाडीने इतके दिवस घोकून ठेवलेली सगळी सावधगिरी घालवली. आणि त्यानंतर पहिलंच काम काय, तर घाटात फुल ॲक्सिलरेटर. तिथे बहुतेक साध्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सरचं मत बाजूला ठेवतात आणि फक्त मॅफचं ऐकतात. मॅफ सतरा टक्के खोटं बोलत होता. साडेबाराचं प्रमाण झालं पंधरा. पूर्ण लोडवर, चढावर, थंड ठेवणारं पेट्रोल गायब.

आणि तो इवलासा डबा? काकांनी तो फोडला. आत एक रेझिस्टर. पाच-दहा रुपयांचा! तो आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या जागी जोडलेला. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स गारठ्यात वाढतो, साधारण वीस डिग्रीला अडीच हजार ओम, शून्य डिग्रीला सहा हजारांच्या घरात. या डब्याने कायमचे सहा हजार ओम दाखवायचे. म्हणजे बाहेर हिंजवडीचं ऊन आणि ईसीयूच्या डोक्यात बारा महिने गुलमर्ग! हवा तापली की ईसीयू स्पार्क जरा उशिरा देऊन इंजिनला सांभाळतो. या डब्याने तो सांभाळच काढून घेतला. मॅफच्या गाडीत पेट्रोलही त्याने फारसं वाढत नाही, कारण तार हवेचं वजनच मोजते. म्हणजे फायदा जवळपास शून्य आणि संरक्षण गेलं.

उरला कोन फिल्टर. तो बॉनेटखाली उघडा बसवलेला, इंजिनची गरम हवा ओढत. तीस डिग्रीच्या हवेऐवजी साठ डिग्रीची हवा आत घेतली तर ती नऊ टक्के विरळ असते. मूळ काळा डबा दिसायला कुरूप, पण त्याचं नाक बंपरमागे थंड हवेत असतं. वर फिल्टरला तेल चोपडलेलं. ते जास्त झालं की उडून तारेवर बसतं, तार नीट गार होत नाही, आणि सेन्सर आणखी कमी सांगतो. काकांनी तार भिंगातून दाखवली. काळपट.

ते तांदळाच्या डब्याचं करकर वाजणं म्हणजे नॉकिंग. मिश्रण वेळेआधी आपणहून पेटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे पडतात. नॉक सेन्सर शक्य तेवढा स्पार्क मागे घेतो, पण त्यालाही मर्यादा. तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगचं टोक वितळलेलं, पिस्टनच्या कडेचा तुकडा उडालेला. इंजिन खोलावं लागलं. बिल 48 हजार. किटच्या तिप्पटीहून जास्त.

मोठ्यांनीही केलंय!

टर्बोला बरं वाटावं म्हणून मी त्याला टोयोटाची गोष्ट सांगितली. 1995 ची वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप. नियम असा की टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटरचं एक बूच-वजा रिंग हवी, रेस्ट्रिक्टर. सगळ्यांना हवा सारखी, म्हणजे पॉवर साधारण सारखी. स्पेनच्या कॅटालोनिया रॅलीत टोयोटा टीमच्या सेलिका जीटी-फोरमध्ये एक चमत्कारिक जोडणी सापडली. होजचा क्लॅम्प आवळला की रेस्ट्रिक्टर पाच मिलिमीटर सरकायचा आणि त्याच्या बाजूने चोरून हवा आत जायची. तपासायला म्हणून होज काढला की तो शहाण्या बाळासारखा परत जागेवर! पन्नासेक हॉर्सपॉवर जास्त मिळत असावी असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्या सीझनचे टीमचे सगळे पॉइंट गेले आणि वर एक वर्षाची बंदी.

'त्यांचे पाच मिलिमीटर, माझे सहा,' टर्बो म्हणाला. पहिल्यांदाच जरा हसला.

पण फरक बघा. त्या इंजिनिअर लोकांनी फसवलं ते परीक्षकांना. इंजिनमध्ये हवा खरोखरच जास्त जात होती आणि तेवढं पेट्रोलही जात होतं. त्यांनी स्वतःच्या इंजिनशी खोटेपणा केला नव्हता. टर्बोने परीक्षकाला नाही, इंजिनलाच फसवलं. त्यातली एक ग्रॅम हवासुद्धा वाढली नाही. बदललं ते फक्त सांगणं.

मग हौस मारायची का?

मुळीच नाही! हौस हवीच. फक्त क्रम उलटा करायचा. आधी हवा खरोखर वाढवायची, मग सेन्सरला तिचा खरा आकडा सांगायला शिकवायचं. परदेशातले चांगले ट्यूनर मोठा पाइप लावतात तेव्हा ईसीयूमधलं मॅफचं कोष्टकच नव्याने भरतात. कुठल्या करंटला किती ग्रॅम हवा, हे डायनोवर गाडी चढवून, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून, एकेक आकडा तपासत. काही जण मॅफ काढून मॅप सेन्सरवर जातात, पण तेव्हाही सगळी गणितं परत मांडतात. हे काम आवाज करत नाही आणि इन्स्टावर दिसत नाही.

आणि अपेक्षा आधीच जमिनीवर आणा. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनमध्ये नुसत्या फिल्टर-पाइपने हाताला लागण्याइतकं काही मिळत नाही. बाराशे सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमला जेमतेम 60 ग्रॅम हवा सेकंदाला ओढतं. मूळ पाइपला ती सहज झेपते. रुंद दरवाजा लावून घरात माणसं वाढत नाहीत! टर्बो इंजिनची गोष्ट वेगळी, तिथे हवा दाबून भरता येते म्हणून रिमॅपमध्ये दम असतो. पण मग क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक सगळ्यांचा हिशेब आला.

कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांमध्ये तर सेन्सरचं जाळं आणखी घट्ट आहे, तिथे असली चलाखी लवकर पकडली जाते. आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याच गळ्यात पडू शकतो.

तर काकांचा सल्ला, फुकट आणि चोख. एअर फिल्टर वेळेवर बदला. पाइपचे क्लॅम्प बघा. सेन्सरच्या पुढे फट पडली तर न मोजलेली हवा आत शिरते, आणि लक्षणं अगदी टर्बोच्या गाडीसारखी दिसतात. मॅफ साफ करायचा तर त्याच्यासाठी बनवलेल्या स्प्रेनेच. कापूस, ब्रश, बोट काहीही तारेला लावू नका. टायरमधली हवा तपासा. (शेवटी हवाच!) आणि पिवळा लाइट लागला तर आधी कोड वाचा, तो लिहून ठेवा, पुसू नका.

निळी शाई

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. मूळ काळा डबा परत, मूळ पाइप परत, तार स्वच्छ. टर्बोने मला औंधपर्यंत एक चक्कर मारून आणलं. घोंऽऽ नव्हता. पण गाडी अशी मऊ आणि झटपट उचलत होती की तोच म्हणाला, 'यार, ही आधीपासून अशीच होती का?'

बाबांना सांगायचं बाकी होतं. त्याने ठरवलं होतं की फोनवर काहीतरी थाप मारायची. क्लच गेला वगैरे. मग म्हणाला, 'नको. एक झालं की थाप मारून.' शनिवारी तो साताऱ्याला गेला, डायरी बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि जुलैपासूनचं सगळं सांगितलं. किट, लाइट, ॲप, घाट, 48 हजार.

बाबा रागावले नाहीत म्हणे. रागावले असते तर बरं झालं असतं, असं टर्बोचं मत. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि आपल्या निळ्या शाईत तारीख घालून लिहिलं, 'पिस्टन, रिंगा, गॅस्केट, प्लग. रु. 48,000.' मग थोडं थांबले आणि शेरा लिहायच्या रकान्यात, जो आठ वर्षं रिकामाच होता, एक ओळ घातली.

'लाइट आला तेव्हा फोन करायचा.'

टर्बो ती डायरी आता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. ते लाइट घालवायचं ॲप त्याने अजून ठेवलंय, पण आता तो त्यात फक्त आकडे वाचतो. परवा सिग्नलला थांबलो होतो तेव्हा त्याने मोबाइल माझ्याकडे धरून दाखवला. न्यूट्रलमध्ये, सेकंदाला अडीच ग्रॅम हवा. फ्युएल ट्रिम, एक टक्का.

'बघ,' तो म्हणाला, 'खरं बोलतेय.'